भाऊसाहेब बांदोडकर : खाणीतला पैसा आणि कुळाची जमीन
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत एक व्याख्यान आम्ही द्यावे, अशी कार्यकारिणीने आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा याविषयी आम्ही बरेच दिवस घोटाळत होतो. आपल्या मंडळात टिळक झाले, आगरकर झाले, फुले-आंबेडकर झाले, यशवंतराव चव्हाणांवर तर दोनदा व्याख्याने झाली. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहून मराठी माणसांचे नेतृत्व करणारा एखादा पुरुष मात्र या व्यासपीठावर अद्याप आलेला नाही. आपण स्वतः सीमेबाहेरचे असून असे व्हावे, हे थोडे नवलाचेच आहे. म्हणून आज आम्ही गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बाळकृष्ण बांदोडकर, म्हणजे भाऊसाहेब, यांच्याविषयी बोलणार आहोत. त्यांच्या राजकारणाविषयी थोडे, आणि ते राजकारणात येण्यापूर्वी कोण होते व काय करीत होते, याविषयी अधिक.

हा विषय घेण्यास आणखी एक कारण आहे. आपण सारे या भिलाईच्या पोलादनगरीत लोखंडावर जगणारी माणसे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि विदर्भातून, खानदेशातून, कोकणातून आपली माणसे येथे येऊ लागली. दल्ली-राजहऱ्याचा तांबडा धुरळा आपल्यापैकी पुष्कळांनी कपड्यांवर वागविलेला आहे. भाऊसाहेबांचे भाग्यही अशाच तांबड्या धुरळ्यातून वर आले. लोहखनिज म्हणजे काय, ते आपणास समजावून सांगावे लागत नाही, ही वक्त्याची मोठीच सोय आहे.

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. ही तारीख ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याच्या अवघे पाच महिने आधी, ऑक्टोबर १९१० मध्ये, पोर्तुगालमधील राजेशाही कोसळून तेथे प्रजासत्ताक आले होते. लिस्बनमधील या क्रांतीचे गोव्यातील हिंदूंना काय, असे कोणी विचारील. परंतु त्यापूर्वी चर्चची राजमान्यता आणि सरकारची सत्ता ही एकमेकांत गुंतलेली होती, आणि हिंदू प्रजाजनास सरकारदरबारी बरोबरीचे स्थान नव्हते. प्रजासत्ताकाने धर्मावरून होणारा भेद कायद्यातून काढून टाकला. शाळा निघाल्या, वाचनालये निघाली, मराठी नियतकालिके निघाली. पणजीत मुष्टिफंडाची शाळा याच काळातली. घरोघरी स्वयंपाकाच्या तांदळातून एक मूठ बाजूस काढून ठेवावयाची आणि त्या मुठींवर मुलांना मराठी शिकवावयाचे, असा तिच्या नावाचा इतिहास. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करीत दारोदार हिंडलेल्या आपल्या कार्यकर्त्यांना या मुठीचे मोल कळेल.

हा मोकळा वारा फार काळ टिकला नाही. १९२६ मध्ये पोर्तुगालमध्ये लष्करी सत्ता आली, मागोमाग सालाझार आले, आणि १९३० च्या वसाहत कायद्याने गोमंतकीय पुन्हा दुय्यम ठरले. लग्नपत्रिका छापावयाची तरी ती सेन्सॉरच्या नजरेखालून जावी लागे. भाऊसाहेब तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. म्हणजे ज्या पिढीने लहानपणी दार किंचित उघडलेले पाहिले आणि ऐन तारुण्यात ते लागलेले पाहिले, त्या पिढीतले ते.

आता पेडण्याविषयी. नकाशा डोळ्यांपुढे आणला तर गोव्याच्या अगदी उत्तरेस, तेरेखोल नदीच्या अलीकडे हा तालुका आहे आणि पलीकडे सावंतवाडी. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात घेतलेला गोवा म्हणजे तिसवाडी, बारदेश आणि साष्टी, या ‘जुन्या काबिजादी’. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हा मुलूख त्यांच्या हाती अठराव्या शतकात आला. या ‘नव्या काबिजादी’. तोवर धर्मांतराचा जोर ओसरलेला होता, त्यामुळे येथील देवळे राहिली आणि प्रजाही बहुतांशी हिंदू राहिली. मराठीतले कीर्तन, पुराण, दशावतार, पोथी हे सारे येथे अखंड चालले. घरातली बोली कोंकणी आणि देवाची, पत्राची, हिशोबाची भाषा मराठी. अशी ही व्यवस्था कोणी ठरविली नव्हती, ती होती. नव्या काबिजादीचा हा पट्टा आपण ध्यानात ठेवावा. पुढे दोनदा त्याचे काम पडणार आहे.

भाऊसाहेब ज्या समाजात जन्मले, तो गोमंतक मराठा समाज. देवळांच्या सेवेस पिढ्यान्‌पिढ्या बांधलेला, गायन-वादन-नर्तनाचा वारसा सांभाळणारा आणि त्याबद्दल मान कमी व अवहेलना अधिक वाट्यास आलेला असा हा समाज. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने आपले नाव आपण घेतले, आपली संघटना उभारली, आपल्या मुलांना शाळेत घातले. या परंपरेने मराठी रंगभूमीला आणि हिंदुस्थानी संगीताला काय दिले, हे सांगावयास दीनानाथ मंगेशकर, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर ही नावे पुरेशी आहेत. मात्र या तिघांचीही कीर्ती गोव्याबाहेर झाली. गुण गोव्याचा, पण त्याचे चीज व्हावयाचे तर मांडवी ओलांडून मुंबई गाठावयाची, अशी त्या काळची रीत. आपणही पोटासाठी गाव सोडलेली माणसे, तेव्हा यात आपणास नवे काही वाटणार नाही. भाऊसाहेबांची गोष्ट यासाठी वेगळी की, त्यांनी जे मिळविले ते गोव्यातच मिळविले. तेही अशा मार्गाने की, जो मार्ग त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीस ठाऊकच नव्हता.

तो मार्ग कोणता, हे कळण्यास गोव्यातील जमिनीची रचना पाहावयास हवी. गोव्यात जमीन हीच प्रतिष्ठा होती. ती जमीन भाटकारांची, देवस्थानांच्या महाजनांची अथवा कोमुनिदादींची, म्हणजे गावकऱ्यांच्या जुन्या संस्थांची. कसणारा तो कूळ. भाटकाराच्या बागायतीत झोपडी बांधून राहणारा तो मुंडकार. भाटकाराने उद्या ‘ऊठ’ म्हटले तर उठावयाचे, त्याच्या घरच्या कार्यास राबावयास जावयाचे, आणि हे सर्व चालत आले आहे म्हणून मुकाट्याने करावयाचे. जमीन नसलेल्या माणसास या रचनेत वर चढण्यास पायरीच नव्हती.

तथापि पोर्तुगीज कायद्यात एक फट होती. २० सप्टेंबर १९०६ च्या हुकुमाने वसाहतींतील खाणींचे नियम केले गेले. त्यांचे मर्म असे, की जमिनीच्या पृष्ठभागाची मालकी वेगळी आणि पोटातील खनिजाची मालकी वेगळी. खनिज सरकारचे. ज्याला ते सापडेल, त्याने रीतसर नोंद करावी, पुढे हद्द आखून घ्यावी, कर भरावा आणि सरकारकडून त्या खाणीची सनद घ्यावी. ती सनदही मुदतीची नव्हे, तर अटी पाळल्या तोवर कायमची. म्हणजे वरचा काजूचा डोंगर ज्याचा असेल त्याचा असो, खालची तांबडी माती नोंद करणाऱ्याची होऊ शकत होती. कायदा करणाऱ्यांच्या मनात गोव्यातील भूमिहीनांचा उद्धार होता, असे मुळीच नाही. त्यांना महसूल हवा होता. परंतु जमीनदारीची शिडी ज्यांना बंद होती, अशांपैकी काहींना त्यातून दुसरी शिडी मिळाली, ही गोष्ट खरी.

ही शिडीही चाळीस वर्षे तशी पडूनच होती, कारण मातीला गिऱ्हाईक नव्हते. गिऱ्हाईक आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. बेचिराख झालेल्या जपानला पोलादाचे कारखाने पुन्हा उभे करावयाचे होते आणि स्वतःजवळ खनिज नव्हते. पश्चिम जर्मनी, इटली यांचीही मागणी आली. गोव्याचे खनिज आपल्या राजहऱ्याच्या तुलनेने हलके. येथल्या अभियंत्याने ते पाहून नाक मुरडले असते. परंतु त्याच्याजवळ एक गुण होता जो राजहऱ्याजवळ नाही. ते नदीकाठी होते. डिचोली, सत्तरी, सांगे येथील डोंगरांतून माती काढावयाची, ट्रकने चार-दहा मैलांवरच्या धक्क्यावर आणावयाची, बार्जेसमध्ये भरून मांडवी किंवा झुवारीतून मुरगाव बंदरात न्यावयाची आणि बोटीत चढवावयाची. लांबलचक रेल्वेमार्गाची गरज नाही. निसर्गाने खाण आणि बंदर यांच्यामध्ये पाण्याचा रस्ता करून ठेवला होता. १९५० च्या सुमारास जी निर्यात अगदीच थोडी होती, ती गोवा मुक्त झाला त्या १९६१ साली साठ लाख टनांच्या घरात गेली होती.

आणि या खाणी कोठे होत्या? बहुतेक साऱ्या नव्या काबिजादीत. ज्या पट्ट्यात मराठी पोथी वाचली जात होती, त्याच पट्ट्यात आता ट्रक धावू लागले.

या धंद्याची रीत थोडी सांगावयास हवी, कारण माणूस धंद्यात घडतो आणि पुढाऱ्याचा स्वभाव पाहावयाचा तर त्याची दुकानदारी आधी पाहावी, असे आमचे मत आहे. आरंभीच्या दिवसांत यंत्रे नव्हती. कुदळ, पहार, टोपली. बायामाणसे डोक्यावरून माती वाहत. शेतीच्या हंगामाबाहेर ज्या हातांना काम नसे, त्यांना येथे रोजची रोकड मजुरी मिळू लागली. कुळाला आयुष्यात प्रथमच असा पैसा दिसला, जो भाटकाराच्या हातून आलेला नव्हता! हंगाम पावसाळा सरल्यापासून मे अखेरपर्यंत. एकदा मृगाचा पाऊस लागला की खाणीत पाणी, समुद्र खवळलेला, आग्वादच्या तोंडाशी वाळूचा दांडा, बोटी भरणे बंद. तेवढ्या सात-आठ महिन्यांत वर्षाचे सारे उरकावयाचे. करार व्हावयाचा तो इतके टन आणि त्यात लोहाचा अंश शेकडा इतका, अशा बोलीवर. अंश घसरला की भाव घसरला. बंदरात बोट येऊन उभी राहिली आणि माल वेळेवर पोहोचला नाही, तर दर दिवसाचा भुर्दंड अंगावर. ट्रक मोडला, बार्ज गाळात रुतली, मजूर जत्रेला गेले, काहीही झाले तरी बोट थांबत नाही.

अशा धंद्यात लगेच निर्णय घेण्याची सवय जडते. माणूस पाहताक्षणी त्याची पारख करावी लागते. ट्रकवाला, खलाशी, मुकादम, टोपलीवाली, कस्टमचा शिपाई आणि परदेशी खरेदीदार, या साऱ्यांशी एकाच दिवसात बोलावे लागते, आणि ज्याच्या त्याच्या भाषेत बोलावे लागते. मंत्र्याच्या खुर्चीवर बसल्यावर भाऊसाहेबांची फायलींवर न रेंगाळण्याची वृत्ती, गावात जाऊन तेथल्या तेथे निकाल लावण्याची हातोटी, आणि तितकाच विरोध सहन न होण्याचा स्वभाव, यांचे मूळ शोधावयास आम्हाला दुसरीकडे जावेसे वाटत नाही. मालकाच्या गुणांबरोबर मालकाचे दोषही येतात. पक्ष आपली पेढी आहे असे वाटू लागते. १९७० साली त्यांच्याच पक्षातील सात आमदारांनी बंड केले, त्यामागे इतर कारणे असतीलही, पण हे एक होतेच.

भाऊसाहेबांचा पैसा हा असा खाणीने दिलेला होता. वडिलोपार्जित जहागिरीचा नव्हता, आणि लोक ते विसरले नाहीत. गोव्यात खाणींवर श्रीमंत झालेली घराणी अनेक होती. त्यांच्यापैकी काहींनी बोटी घेतल्या, काहींनी पुढे कारखाने काढले, शिक्षणसंस्थाही काढल्या. मग लोकांनी ‘भाऊ’ याच एका माणसाला का म्हटले? आम्हास याचे उत्तर दोन गोष्टींत दिसते. एक, त्यांचा हात सैल होता. शाळेला, देवळाला, अडलेल्या मुलाच्या फीला, लग्नकार्याला त्यांच्याकडून मिळत असे, आणि मिळालेल्याची आठवण गावोगाव राहिली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ज्यांना मिळाले त्यांना ते वरून टाकलेले वाटले नाही. हा माणूस आपल्यासारखाच उंबऱ्याबाहेर उभा केला गेलेला आहे, हे त्यांना ठाऊक होते.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. १९५५ च्या सुमारास भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. भारतातून जाणारे धान्य, भाजीपाला, पैसा बंद झाला. त्यामुळे पोर्तुगीज राज्य टेकीला येईल अशी दिल्लीची अपेक्षा होती. ते आले नाही, आणि त्याचे एक मोठे कारण खाणी हेच होते. खनिजाच्या परकीय चलनावर गोव्याचे बाजार परदेशी मालाने भरले. म्हणजे ज्या मातीने बहुजनांच्या हाती रोकड दिली, त्याच मातीने परकी सत्तेलाही आणखी काही वर्षे तगविले. १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. लोहियांनी सत्याग्रहाची ठिणगी टाकली, तेव्हापासून तुरुंगात गेलेली, लिस्बनपर्यंत पाठविली गेलेली माणसे गोव्यात होती. मुक्तीनंतर निवडणुका आल्या तेव्हा सत्ता त्यांच्याकडे जाईल असे पुष्कळांना वाटले असल्यास नवल नाही. ती गेली एका खाणमालकाकडे. यातले दुखणे आम्ही समजू शकतो.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. ९ डिसेंबर १९६३ रोजी पहिली निवडणूक झाली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने तीसपैकी चौदा जागा जिंकल्या, त्याच्या सोबतच्या प्रजा समाजवादी पक्षाने दोन. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोअन्स पक्षाला बारा मिळाल्या. साऱ्या देशावर राज्य करणाऱ्या काँग्रेसला खुद्द गोव्यात एकही जागा मिळाली नाही! नव्या काबिजादीचा पट्टा आठवा म्हणून आम्ही सांगितले होते, त्याचे हे दुसरे काम. मगोची ताकद प्रामुख्याने तेथे होती. भाऊसाहेब स्वतः त्या निवडणुकीस उभे राहिले नव्हते. २० डिसेंबर रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि नंतर मडकईतून पोटनिवडणुकीने ते सभागृहात आले. मालक आधी धंदा उभा करतो आणि मग गादीवर बसतो, तसाच काहीसा हा प्रकार.

पहिल्याच वर्षात, १९६४ साली, त्यांच्या सरकारने कूळ कायदा केला. कुळाने द्यावयाचा खंड उत्पन्नाच्या सहाव्या हिश्श्यावर आणला गेला आणि मनास येईल तेव्हा कुळाला हुसकावून लावण्याची सोय राहिली नाही. महाराष्ट्रातील कुळकायद्यांची सवय असलेल्या आपल्या कानांना हे फार मोठे वाटणार नाही. गोव्यात तो भूकंप होता. ज्याला जमिनीच्या वरून शिरकाव नव्हता, जो जमिनीच्या पोटातून वर आला, त्याने सत्ता मिळताच पहिला हात जमिनीच्या वरच्या मालकीला घातला, असे आम्ही म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. खेड्याखेड्यांत प्राथमिक शाळा काढण्याचा त्यांचा सपाटाही याच जातीचा. पोर्तुगीजांच्या राज्यात गोव्यात वैद्यकीय शाळा होती, लिसेव होते, पण कला-विज्ञानाचे महाविद्यालय निघावयास १९६२ साल उजाडावे लागले. भाऊसाहेबांच्या कन्या शशिकलाताईंना पदवीसाठी धारवाड गाठावे लागले होते. मुख्यमंत्र्याच्या घरची ही कथा, मग कुळाच्या पोराची काय सांगावी?

आता ज्या प्रश्नावर त्यांचे नाव महाराष्ट्राला माहीत झाले, त्याकडे वळू. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, ही त्यांच्या पक्षाची मूळ मागणी. महाराष्ट्रात आचार्य अत्र्यांपासून अनेकांनी तिच्यासाठी लेखणी आणि वाणी झिजविली. केंद्राने लोकांचा कौल घ्यावयाचे ठरविले. मतदान निर्भेळ व्हावे म्हणून भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळाने २ डिसेंबर १९६६ रोजी राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळे राहण्याची खूण दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. चौतीस हजारांनी विलीनीकरण हरले.

आपणासारख्यांनी यातली एक गोष्ट विशेष पाहावी. मुंबईत, बेळगावात, पुण्यात पोटासाठी गेलेले हजारो गोमंतकीय होते. त्यांनाही मत द्यावे अशी मागणी झाली होती, ती मान्य झाली नाही. गोव्यात राहणाऱ्यालाच मत. कायद्याने ते योग्य होते का, आणि ती मते कोणाकडे झुकली असती, या वादात आम्ही शिरत नाही. परंतु गाव सोडलेल्या माणसाचा गावाच्या भवितव्यावर हक्क किती, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने गावच्या घराच्या वाटणीत कधी ना कधी अनुभवलेला असेल!

हार का झाली, याची कारणे पुष्कळ सांगतात. ख्रिस्ती समाज जवळजवळ एकमुखाने विरोधात होता, हे खरे. पण हिंदूंचीही बरीच मते दोन पानांना गेल्याखेरीज हा निकाल लागता ना. आमच्या मते त्यात भाऊसाहेबांचा स्वतःचा एक हिशोब चुकला. त्यांनी कारभारासाठी महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर अधिकारी मोठ्या संख्येने आणले. येणारे सज्जन असतीलही. पण ज्या गोमंतकीयाला साडेचारशे वर्षांनी प्रथम सरकारी खुर्ची दिसू लागली होती, त्याला त्या खुर्चीवर बाहेरचा माणूस बसलेला दिसला. तो मराठी बोलतो, याने दुःख हलके होत नाही. भिलाईत आपण बाहेरून येऊन नोकऱ्या घेतल्या, तेव्हा येथल्या छत्तीसगढी माणसाला काय वाटले असेल, हे मनात आणले म्हणजे ही गोष्ट समजते.

पराभवानंतर भाऊसाहेबांनी काय केले? दोन महिन्यांनी निवडणुका आल्या, त्या लढविल्या, सोळा जागा जिंकल्या आणि ५ एप्रिल १९६७ रोजी पुन्हा शपथ घेतली. ज्या वेगळ्या गोव्याविरुद्ध ते लढले, त्याच वेगळ्या गोव्याचा कारभार ते पुढे सहा वर्षे करीत राहिले. १९७२ साली पुन्हा जिंकले, जागा अठरा. बाजार फिरला की रडत न बसता नव्या भावाने सौदा करावयाचा, हे खाणवाल्याला शिकवावे लागत नाही. काहींनी यास तत्त्वच्युती म्हटले. आम्हाला तसे वाटत नाही. लोकांनी सांगितले ते त्यांनी ऐकले, एवढेच झाले. गोवा १९८७ च्या मे महिन्यात स्वतंत्र राज्य झाला, त्याच वर्षी कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही शासकीय व्यवहारात स्थान मिळाले. आपल्या मंडळातील गोमंतकीय कुटुंबांना कोणी ‘महाराष्ट्रातले का?’ असे विचारले, म्हणजे त्यांना उत्तर द्यावयास क्षणभर वेळ लागतो, त्या क्षणात हा सारा इतिहास आहे.

शेवटी एका गोष्टीविषयी बोलले पाहिजे, जी गौरवाच्या भाषणांत सहसा येत नाही. भाऊसाहेब मुख्यमंत्री असताना खाणमालकही होते. खाणींचा हा धंदा त्यांच्या हयातीत आणि नंतर अधिकच वाढला. डोंगर खणला की निरुपयोगी मातीचे ढिगारे उभे राहतात. पावसाळ्यात ते वाहतात आणि खालच्या शेतांत, ओहोळांत, खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेल्या खाजनांत जाऊन बसतात. हे एका मालकाचे पाप नव्हे, साऱ्या धंद्याचे होते. आम्ही काही वर्षांपूर्वी डिचोलीकडे गेलो होतो. एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हाला आपले शेत दाखविले. भाऊंच्या कायद्याने हे राहिले, असे तो म्हणाला, आणि ते म्हणताना त्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्या शेतात मात्र भाताची लावणी नव्हती. वरच्या डोंगराची तांबडी माती गुडघाभर साचली होती. त्यासाठी तो कोणालाही बोल लावीत नव्हता. बांधावर उभा राहून, ‘गाळ उपसावयास माणसे मिळत नाहीत’, एवढेच म्हणाला. त्याच्या भाऊंनी एका हाताने दिलेले शेत भाऊंच्याच धंद्याने पुरले होते काय, हे त्याला विचारण्याचे धैर्य आमच्यात नव्हते.

पोर्तुगीजांच्या त्या कायमच्या सनदा १९८७ च्या कायद्याने रद्द होऊन त्यांचे मुदतीचे पट्टे झाले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या, काही काळाने सुरू झाल्या, आणि २०१८ साली ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण न्यायालयाने अवैध ठरविले तेव्हा पुन्हा थांबल्या. ज्या गावांत १९५० नंतर रोकड आली होती, तेथे ट्रक दारात उभे राहून गंजले. मजुरांचे, ट्रकवाल्यांचे हाल झाले, आणि त्याच काळात काही ओहोळांचे पाणी पुन्हा निवळ वाहू लागल्याचेही लोक सांगत होते. दोन्ही गोष्टी खऱ्या असाव्यात.

भाऊसाहेबांचे निधन १२ ऑगस्ट १९७३ रोजी झाले, मुख्यमंत्रिपदावर असतानाच. त्याच दिवशी शशिकलाताई काकोडकरांकडे सूत्रे गेली. ऑगस्ट म्हणजे ऐन पावसाळा, खाणींचा हंगाम बंद. त्यांची समाधी पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर, मांडवी समुद्राला मिळते तेथे आहे. हंगामात खनिजाने भरलेल्या बार्जेस त्याच पाण्यातून मुरगावकडे जात. पावसाळ्यात मात्र त्यांना आग्वादचे तोंड वर्ज्य. तेव्हा त्या आतल्या कुंभारजुव्याच्या कालव्याने झुवारीत उतरत. आपल्यापैकी कोणी गोव्यास गेले तर समुद्रस्नान आटोपल्यावर तेथे पाच मिनिटे थांबावे, अशी विनंती आहे.